मूर्तिपूजेचा निषेध कोणाला उद्देशून? बायबलमधील इशारे आणि आजची श्रद्धा

पवित्रशास्त्राच्या मराठी भाषांतरांत 'मूर्ती' आणि 'मूर्तिपूजा' हे शब्द ज्या ठिकाणी येतात, त्यांतील बहुतेक ठिकाणी मूळ हिब्रू मजकुरात इतका शांत आणि वर्णनपर शब्द नाही, आणि मराठी वाचकाच्या पुष्कळ अडचणींचा उगम या एका गोष्टीत आहे. मराठीत 'मूर्ती' हा आदराचा शब्द आहे. ती घडवली जाते, तिची स्थापना होते, तिचे रूप डोळ्यांत साठवले जाते, आणि एखाद्या सज्जनाला 'सौजन्याची मूर्ती' म्हणण्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. इस्राएलच्या संदेष्ट्यांच्या शब्दसंग्रहात असा आदर औषधालाही सापडत नाही. 'पेसेल' म्हणजे कोरून काढलेली आणि 'मस्सेखा' म्हणजे धातू ओतून केलेली वस्तू, हे दोन शब्द निदान कारागिरीचे आहेत. परंतु 'एलीलिम' या शब्दात कवडीमोलाचा भाव आहे, 'हेवेल' म्हणजे तोंडची वाफ, 'शिक्कुत्स' म्हणजे किळस आणणारी वस्तू, आणि यहेज्केल संदेष्ट्याने पुनःपुन्हा वापरलेला 'गिल्लुलिम' हा शब्द अनेक अभ्यासकांच्या मते शेणामातीच्या गोळ्यांची आठवण करून देण्यासाठीच योजलेला आहे. ग्रीक भाषांतरकारांनी यांपैकी कित्येक शब्दांसाठी 'एइदोलोन' हा एकच शब्द पसंत केला, ज्याचा जुना अर्थ छाया किंवा भास असा होता. थोडक्यात, बायबलच्या शब्दांत वस्तूचे वर्णन कमी आणि तिच्याविषयीचा निवाडा अधिक आहे. हा निवाडा कोणी, कोणाविरुद्ध आणि कशासाठी दिला, हे बाजूला ठेवून केवळ 'मूर्ती' हा शब्द हाती धरला, तर वाचकाचे बोट सर्वांत आधी शेजाऱ्याच्या देवघराकडे वळते. आणि ते तिकडे वळणे हीच या इशाऱ्यांच्या वाचनातील सर्वांत मोठी चूक आहे, असे प्रस्तुत आढाव्याचे म्हणणे आहे.

निषेधाचे मूळ सूत्र दहा आज्ञांमध्ये आहे. या आज्ञा निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या आणि अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात थोड्या फरकाने दोनदा नोंदल्या आहेत. त्यांत परमेश्वराखेरीज अन्य देव नसावेत ही एक अट आहे, आणि आकाशात, भूमीवर किंवा पाण्यात असलेल्या कशाचीही प्रतिमा करून तिच्यापुढे वाकू नये ही दुसरी. या दोन अटी एक की दोन, यावर परंपरांचे एकमत नाही. रोमन कॅथलिक आणि लुथरन परंपरा त्यांना एकत्र करून पहिली आज्ञा मानतात आणि लोभाविषयीच्या शेवटच्या आज्ञेचे दोन भाग करून दहाचा आकडा पुरा करतात; ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड परंपरा प्रतिमांविषयीची आज्ञा स्वतंत्र, म्हणजे दुसरी, धरतात; यहुदी परंपरेत पहिले वचन परमेश्वराच्या स्वतःच्या ओळखीचे असून या दोन्ही अटी दुसऱ्या वचनात येतात. हा क्रमांकांचा वाद वरवर किरकोळ दिसतो, पण त्याच्या तळाशी एक खरा प्रश्न आहे. दोन्ही अटी एकच मानल्या, तर प्रतिमा निषिद्ध ठरते ती अन्य देवाची असल्यामुळे. त्या वेगळ्या मानल्या, तर स्वतःच्या खऱ्या देवाचीही प्रतिमा निषिद्ध ठरते, आणि मग 'आम्ही अन्य देवांना भजत नाही' एवढे सांगून कोणाचीही सुटका होत नाही.

सोन्याच्या वासराची कथा या दुसऱ्या शक्यतेकडे स्पष्टपणे झुकते. मोशे सीनाय पर्वतावर गेला, परतायला विलंब झाला, लोक अस्वस्थ झाले, आणि अहरोनाने त्यांच्या कानांतली सोन्याची कुंडले मागून घेऊन वासरू ओतले, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्याच कथेत अहरोन दुसऱ्या दिवशी उत्सव जाहीर करतो तो परमेश्वराच्या नावाने, याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. लोकांना नवा देव हवा होता असे कथा म्हणत नाही. त्यांना डोळ्यांपुढे राहील, पुढे नेता येईल आणि वाट पाहायला लावणार नाही असा देव हवा होता. पुढे इ.स.पू. दहाव्या शतकात राज्याची फाळणी झाल्यावर उत्तरेच्या यराबाम राजाने बेथेल आणि दान येथे दोन सुवर्णवासरे उभारली, तेव्हा त्याच्या तोंडी जवळजवळ तेच शब्द येतात, आणि राजांच्या पुस्तकाचा लेखक त्याचा हेतूही उघड करतो: प्रजा यज्ञासाठी यरुशलेमेला जात राहिली, तर तिची निष्ठा दक्षिणेच्या राजाकडे वळेल, ही भीती. बायबलमधील मूर्तिपूजेच्या पहिल्या मोठ्या प्रकरणात अधीरता आहे, दुसऱ्यात राज्यकारभार आहे. परक्या धर्माचे आकर्षण या दोन्ही ठिकाणी दुय्यम आहे.

पुरातत्त्वाने हे चित्र आणखी गुंतागुंतीचे केले आहे. सीनायच्या ईशान्य भागातील कुंतिलेत अजरूद येथे १९७५-७६ मध्ये झालेल्या उत्खननात इ.स.पू. ८०० च्या सुमाराचे मोठे रांजण सापडले. त्यांवरील आशीर्वादपर लेखांत परमेश्वराचा उल्लेख शोमरोन या उत्तरेच्या राजधानीच्या नावासह आणि 'त्याच्या अशेरेसह' आला आहे. अशेरा ही येथे देवी आहे की तिच्या नावाचा लाकडी खांब, यावर अभ्यासकांत अजूनही वाद आहे. यहूदाच्या प्रदेशात, खुद्द यरुशलेमेतही, घराघरांतून मातीच्या लहान स्त्रीप्रतिमा मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. संदेष्ट्यांचा आवाज इतका चढा का होता, हे यावरून समजते. ते दूरच्या परधर्मीयांवर टीका करत नव्हते. त्यांच्यासमोर बसलेला श्रोता परमेश्वराचे नाव घेणारा, सण पाळणारा, आणि त्याच वेळी पावसासाठी बआल या कनानी देवाकडे व अपत्यासाठी अशेरेकडे पाहणारा माणूस होता. म्हणूनच होशेय संदेष्ट्याने या वर्तनासाठी वैवाहिक बेइमानीची प्रतिमा वापरली. मोशे हालबर्ताल आणि अविशाय मार्गालित यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूर्तिपूजाविषयक ग्रंथात याच प्रतिमेपासून आरंभ करून दाखवले आहे, की हिब्रू बायबलमध्ये मूर्तिपूजा हा प्रथम नात्यातील विश्वासघात आहे. ती बुद्धीची चूक आहे हा विचार नंतरचा असून, बाराव्या शतकातील मैमोनिदेस या यहुदी तत्त्वज्ञाच्या मांडणीत तो कळसाला पोहोचतो. विश्वासघात तोच करू शकतो ज्याने आधी शब्द दिलेला आहे. ज्याने करार केलाच नाही त्याच्यावर हा आरोप नीट लागूच होत नाही, आणि अनुवादाच्या चौथ्या अध्यायात तर सूर्य, चंद्र व तारे हे परमेश्वरानेच इतर राष्ट्रांना वाटून दिले आहेत असे एक चकित करणारे विधान आहे.

या निषेधाचा दुसरा प्रवाह उपहासाचा आहे, आणि त्याबाबत मराठी वाचक युरोपीय वाचकापेक्षा अधिक जाणता ठरू शकतो. यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात एक कारागीर झाड तोडतो, अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो, मांस शिजवतो, ऊब घेतो, आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याला साकडे घालतो. हा मजकूर बाबेलच्या बंदिवासाच्या, म्हणजे इ.स.पू. सहाव्या शतकाच्या पार्श्वभूमीवरचा मानला जातो. उपहास जबरदस्त आहे, परंतु बाबेलच्या पुरोहिताने तो ऐकला असता तर त्याने म्हटले असते, की कोणीही लाकडाला देव मानत नाही. मेसोपोटेमियात 'मीस पी', म्हणजे मुखप्रक्षालन, नावाचा एक दीर्घ विधी होता. निनवे आणि बाबेल येथील मृत्तिकाफलकांवर त्याचे तपशील मिळाले आहेत. घडवलेली प्रतिमा नदीकाठच्या बागेत नेली जाई, तिचे मुख वारंवार धुतले जाई, कारागिरांची हत्यारे नदीत सोडली जात, आणि त्यांचे हात लाकडी तलवारीने प्रतीकात्मक रीतीने तोडून त्यांच्याकडून अशी शपथ घेतली जाई, की ही प्रतिमा आम्ही घडवलेली नाही, ती देवांनीच घडवली. ज्या समाजात प्राणप्रतिष्ठेपूर्वी मूर्ती ही केवळ माती असते आणि उत्तरपूजेनंतर ती पुन्हा माती होऊन पाण्यात जाते, त्या समाजातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. यशयाने हा विधी मुद्दाम गाळला आहे, की त्याला तो ठाऊकच नव्हता, हा प्रश्न विसाव्या शतकात येहेज्केल काउफमान यांनी उपस्थित केला. बायबलला परधर्माचे अंतरंग कळलेच नाही असे त्यांचे मत होते. विधीचा तपशील समोर ठेवल्यावर मात्र दुसरी शक्यता अधिक पटते. कारागिराचा हात ज्या शपथेने झाकला जातो, नेमका तोच हात यशया उजेडात आणतो: मोजपट्टी, रंधा, भूक, थकवा यांसह. त्याचा आक्षेप लाकडावर नाही. माणसाने स्वतः घडवलेल्या गोष्टीतला आपला वाटा विसरण्यावर आहे.

पुढच्याच काही पानांवर हा विचार आणखी धारदार होतो. शेहेचाळिसाव्या अध्यायात बेल आणि नबो हे बाबेलचे देव जनावरांच्या पाठीवर लादले जात आहेत आणि जनावरे ओझ्याने वाकली आहेत. युद्धात देवप्रतिमा पळवून नेणे किंवा त्या वाचवण्यासाठी हलवणे ही त्या काळातली नेहमीची गोष्ट होती, इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल पडण्यापूर्वी नबोनिदस राजाने निरनिराळ्या नगरांतील प्रतिमा राजधानीत आणल्या होत्या. या दृश्याच्या शेजारी संदेष्टा परमेश्वराला उभा करतो, जो आपल्या लोकांना जन्मापासून केस पिकेपर्यंत वाहून नेतो. जो देव वाहून न्यावा लागतो आणि जो देव वाहून नेतो, यांतला हा भेद पराभूत, निर्वासित लोकांच्या तोंडी आहे ही बाब विसरता येत नाही. मंदिर जळालेले, राजा कैदेत, आणि विजेत्यांच्या देवांच्या मिरवणुका समोरून चाललेल्या, अशा अवस्थेतला तो उपहास आहे. तोच उपहास नंतरच्या काळात राज्यकर्त्यांच्या हाती पडला तेव्हा त्याचा अर्थ पार पालटला.

प्रतिमेच्या निषेधामागे आणखी एक कारण आहे, आणि या साऱ्या विषयातले ते सर्वांत मौल्यवान कारण म्हणावे लागेल. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने मनुष्याला, नराला आणि नारीला, आपल्या प्रतिरूपात निर्माण केले असे म्हटले आहे, आणि तेथे योजलेला 'त्सेलेम' हा शब्द अन्यत्र मूर्तीसाठीच वापरला जातो. सीरियातील तेल फेखेरिये येथे १९७९ मध्ये सापडलेल्या, इ.स.पू. नवव्या शतकातील एका अधिपतीच्या पुतळ्यावरील आरमायिक लेखात 'प्रतिमा' आणि 'प्रतिरूप' या अर्थाचे नेमके तेच दोन शब्द पुतळ्याला उद्देशून आले आहेत. प्राचीन पश्चिम आशियात देवाची प्रतिमा असण्याचा मान मंदिरातील मूर्तीला आणि काही ठिकाणी राजाला होता. उत्पत्तीच्या लेखकाने तो प्रत्येक माणसाला देऊन टाकला. परमेश्वराची मूर्ती असू नये, कारण ती आधीच आहे आणि ती हिंडते, बोलते, उपाशी राहते. मोलख या देवाशी जोडलेल्या बालबलीविषयी, आणि हिन्नोमच्या खोऱ्यात अग्नीच्या स्वाधीन केलेल्या मुलांविषयी यिर्मया इतक्या संतापाने का बोलतो, त्याचे उत्तर येथे मिळते: तेथे घडवलेल्या प्रतिमेसाठी जिवंत प्रतिमा जाळली जात होती.

दगडाधातूच्या पलीकडे हा निषेध जुन्या करारातच गेलेला आहे. तो विस्तार आधुनिकांनी केला असा जो समज आढळतो तो बरोबर नाही. शमुवेल शौल राजाच्या हट्टाला मूर्तिपूजेच्या पंक्तीत बसवतो. ईयोब सोन्यावर भिस्त ठेवणे आणि चंद्रसूर्याला चोरून वंदन करणे यांना एकाच श्वासात दोष मानतो. यहेज्केलापुढे येऊन बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या हातांत काहीही नाही, तरी त्यांनी मूर्ती हृदयात बसवल्या आहेत असे त्याला सांगितले जाते. यिर्मया सातव्या अध्यायात परमेश्वराच्या मंदिराच्या दारात उभा राहून, त्या मंदिराच्या नावाचा जप करत परका, अनाथ आणि विधवा यांना नाडणाऱ्या भाविकांना बजावतो, की ही वास्तू त्यांना वाचवणार नाही. आणि हिज्कीया राजा इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीस पितळी सर्प फोडतो. हा सर्प परक्यांचा नव्हता. तो मोशेने, परमेश्वराच्याच सांगण्यावरून, रानात सर्पदंशाने मरणाऱ्या लोकांसाठी उभारलेला होता. त्याने जीव वाचल्याची आठवण समाजाने पिढ्यानपिढ्या जपली होती. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, आणि त्याला नहुश्तान हे नाव मिळाले. ज्या श्रद्धेला आपला सर्वांत पवित्र वारसा, ईश्वरी आज्ञेने मिळालेला वारसाही, निरर्थक झाल्यावर फोडता येतो, तिची ही नोंद राजांच्या पुस्तकात अवघ्या एका वचनात उरकली आहे. ती वाचताना, अशी कठोरता कोणत्याही धर्मसमाजाला किती जड जाते, हे जाणवल्याशिवाय राहत नाही.

नव्या करारात हे सर्व धागे पुढे येतात. येशूने देव आणि धन या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी होऊ शकत नाही असे सांगताना धनासाठी 'मामोन' हा आरमायिक शब्द वापरला, आणि इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत लोभाला सरळ मूर्तिपूजा म्हटले आहे. रोजच्या जगण्याच्या दृष्टीने मात्र प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील नैवेद्याच्या मांसाचा प्रश्न अधिक बोलका आहे. करिंथ नगरात मंदिरात अर्पण केलेले मांस बाजारातही विकले जाई आणि शेजाऱ्यांच्या पंगतीतही वाढले जाई. पौलाचे उत्तर एका वाक्यात मावणारे नाही: मूर्तीला स्वतःचे काही अस्तित्व नाही, म्हणून बाजारातले मांस चौकशी न करता खावे, निमंत्रण आले तर जावे, पण मंदिरातील पूजेच्या पंगतीत सहभागी होऊ नये, आणि आपल्या खाण्याने एखाद्या दुबळ्या मनाच्या बंधूचा विवेक डळमळत असेल तर तेही सोडावे. शेजारच्या घरून आलेल्या प्रसादाच्या वाटीपुढे महाराष्ट्रातील आणि गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे ज्या पेचातून जातात, तो हाच पेच आहे, आणि पौलाने त्यात ज्ञानापेक्षा प्रीतीला वरचे स्थान दिले आहे. इफिसातील प्रसंगही असाच लक्षणीय आहे. अर्तमी देवीची रुप्याची देव्हारी करणाऱ्या देमेत्रिय सोनाराने पौलाच्या प्रचाराने धंदा बुडेल या भयाने दंगा पेटवला, तेव्हा नगराच्या लेखकाने जमावाला शांत करताना सांगितले, की पौलाच्या या साथीदारांनी मंदिर लुटलेले नाही आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या लेखकाला ही साक्ष नोंदवण्याजोगी वाटली.

पहिल्या तीन शतकांत या इशाऱ्यांची किंमत प्राणाने चुकवावी लागली, कारण सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप टाकणे हा निष्ठेचा पुरावा होता, इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी या प्रांताधिपतीने त्राजान सम्राटाला पाठवलेल्या पत्रात ही कसोटी सविस्तर दिली आहे. त्याच काळातील यहुदी विद्वानांनी परक्यांच्या नगरांत राहताना कोठे थांबायचे याचे नियम मिश्ना या नियमसंग्रहाच्या 'अवोदा झारा', म्हणजे 'परकी उपासना', या प्रकरणात ठरवले. त्यात रब्बान गमालिएल अक्को येथील अफ्रोदितीच्या स्नानगृहात निःशंकपणे स्नान करताना दिसतात, कारण त्यांच्या मते स्नानगृह देवीसाठी बांधलेले नसून देवी स्नानगृहाची शोभा होती. चर्चच्या हाती सत्ता आल्यावर वाद आत शिरला. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी चर्चमधील पवित्र चित्रे नष्ट करविली. ७८७ च्या निकैया येथील दुसऱ्या धर्मसभेने आदरपूर्वक वंदन आणि केवळ देवालाच देय असलेली आराधना असा भेद करून चित्रांना पुन्हा मान्यता दिली, आणि ८४३ मध्ये तो निर्णय पक्का झाला. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेने तोच वाद उकरून काढला: १५२४ मध्ये झुरिकच्या नगरसभेने चर्चमधील प्रतिमा हटवल्या, १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये जमावाने त्या फोडल्या. मार्टिन लुथर मात्र १५२२ च्या मार्चमध्ये विटेनबर्गला परतला तो अशी मोडतोड थांबवण्यासाठी; हृदयातील प्रतिमा हलली नाही तर भिंतीवरची फोडून काही साधत नाही, असे त्याचे म्हणणे होते, आणि बायबलच्या मुख्य प्रवाहाशी ते अधिक जुळणारे आहे.

हाच निषेध कोकणपट्टीवर पोहोचला तेव्हा तो सत्तेच्या हातात हात घालून आला. पोर्तुगीज राजवटीने १५४१ च्या सुमारास तिसवाडीतील आणि १५६७ मध्ये सालसेतमधील मंदिरे पाडली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, अशी दैवते भाविकांनी नदीपलीकडे अंत्रुज महालात नेली. यशयाने ज्या दृश्याचा उपहास केला होता ते आता पुन्हा घडत होते, फरक इतकाच की या वेळी पाडणारे लोक यशया वाचणारे होते, आणि आपले देव खांद्यावर घेऊन निघालेले निर्वासित दुसऱ्या बाजूला होते. याच सालसेतमधील रायतूर येथे १६१६ मध्ये जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले, ज्यात बायबलची कथा ओवीछंदात मराठीत उतरली. एकाच भूमीवर पन्नास वर्षांच्या आत घण आणि ओवी दोन्ही आले, हे त्या इतिहासाचे खरे दुखणे आहे. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत सत्तेचा घण नव्हता, पण मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू पक्षाचे मोरभट दांडेकर यांच्या १८३१ च्या जाहीर वादासारख्या प्रसंगांत मूर्ती हा हल्ल्याचा विषय होताच. १८६७ च्या प्रार्थनासमाजाने मूर्तिपूजा नाकारली ती ख्रिस्ती न होता, हेही त्याच वातावरणाचे एक फळ. या सगळ्यापासून अलग, कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजाने कित्येक शतके परमेश्वर एकच आहे ही 'शेमा' नावाची हिब्रू ग्वाही आणि शब्बाथ जपला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते 'शनवार तेली' ठरले, मराठी बोलले, शेजाऱ्यांच्या देवळांच्या सावलीत राहिले, आणि स्वतः प्रतिमा न करण्यासाठी दुसऱ्याची प्रतिमा फोडण्याची गरज त्यांना पडली नाही. निषेध आतल्या दिशेने पाळला जाऊ शकतो, याचा इतका जवळचा दाखला मराठी वाचकाला अन्यत्र क्वचितच मिळेल.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. जर्मन अभ्यासक यान आसमान यांनी १९९७ पासून असे मांडले, की खरा देव आणि खोटे देव हा भेद मोशेच्या परंपरेने धर्माच्या इतिहासात आणला आणि त्याबरोबर एका नव्या प्रकारच्या द्वेषाचीही शक्यता आणली. बायबलमध्ये या आक्षेपाला आधार आहे: अनुवाद कनानातील वेद्या पाडण्याची आज्ञा देतो, आणि वासराच्या प्रसंगानंतर लेवी वंशाच्या लोकांनी सुमारे तीन हजार माणसे, तीही स्वतःचेच बांधव, मारल्याचे निर्गम सांगतो. हे मजकूर सौम्य करून वाचणे प्रामाणिकपणाचे नाही. त्यांच्या विरोधात त्याच ग्रंथातून जे उभे करता येते, ते म्हणजे मनुष्यच देवाची प्रतिमा आहे हे विधान; आणि ज्या श्रद्धावंताला या दोहोंत निवड करावी लागते, त्याने निवड केली आहे हे त्याने मान्य करावे.

आधुनिक काळात या इशाऱ्यांचे पुनरुज्जीवन झाले ते प्रामुख्याने राज्यसत्तेच्या संदर्भात. लुथरने १५२९ च्या आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरीत, संकटात माणूस ज्याच्याकडे धाव घेतो ते त्याचे दैवत असते अशी व्याख्या करून धन आणि विद्वत्ता यांनाही तीत ओढले होते, आणि विसाव्या शतकात पॉल टिलिख यांनी 'परम आस्था' ही संकल्पना मांडून, जे सापेक्ष आहे त्याला परम मानणे म्हणजे मूर्तिपूजा, असे म्हटले. परंतु पुस्तकातील व्याख्येपेक्षा मे १९३४ मध्ये बार्मेन येथे कार्ल बार्थ यांच्या पुढाकाराने जर्मन प्रोटेस्टंट प्रतिनिधींनी काढलेले घोषणापत्र अधिक वजनदार आहे, कारण इतर कोणतीही सत्ता, घटना किंवा व्यक्ती देवाचे प्रकटीकरण म्हणून स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला तो हिटलरच्या राज्यात. त्या घोषणापत्रात यहुद्यांविषयी एक शब्दही नाही, आणि बार्थ यांनी पुढे ती आपली चूक असल्याचे कबूल केले. खोटा देव ओळखला गेला होता. त्याच्या वेदीवर कोण जाणार हे उच्चारले गेले नव्हते. पन्नास वर्षांनी, १९८५ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस्ती विचारवंतांनी 'कैरोस' निवेदनात ती उणीव राहू दिली नाही. वर्णभेदी राज्याच्या नव्या संविधानाच्या उद्देशिकेत सर्वसमर्थ देवाचे नाव घेतले गेले होते, आणि निवेदनाने तो देव म्हणजे मूर्ती आहे, संदेष्ट्यांना तोंड द्यावे लागलेल्या कोणत्याही मूर्तीइतकीच घातक आहे, असे ठामपणे सांगितले. येथे मूर्ती घडवली गेली होती ती बायबलच्याच शब्दांतून, आणि ती ओळखू आली बळी गेलेल्यांकडे पाहिल्यामुळे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या प्रबोधनपत्रात पैशाच्या सत्तेला सुवर्णवासराचे नवे रूप म्हटले, त्यामागेही हीच दृष्टी होती: ज्यांना व्यवस्थेतून वगळले जाते त्यांच्या बाजूने पाहणे.

अलीकडच्या लोकप्रिय धार्मिक लेखनात मात्र मूर्ती या शब्दाचा अर्थ फार सैल झाला आहे. भ्रमणध्वनी, क्रिकेट, नोकरी, मुलांचे गुण, शरीरसौष्ठव, अशी कोणतीही आवडीची गोष्ट मूर्ती ठरवली जाते, आणि मग भाविकाच्या वाट्याला सगळ्या आनंदांविषयी एक पुसट अपराधभाव येतो. संदेष्ट्यांनी असे केले नाही. त्यांच्या भाषेत मूर्तीची दोन लक्षणे कायम दिसतात: ती मागते, आणि जे मागते ते बहुधा दुसऱ्याच्या जिवावर मिळते. स्तोत्रसंहितेच्या एकशे पंधराव्या स्तोत्रात डोळे असून न पाहणाऱ्या आणि कान असून न ऐकणाऱ्या मूर्तींविषयी बोलताना, त्या घडवणारे त्यांच्यासारखेच होतात असे म्हटले आहे, आणि ही कसोटी आजही वापरता येते. भक्त कोणाचे रडणे ऐकू शकत नाही, हे पाहिले की त्याच्या देवाविषयी पुष्कळ कळते. एखादी धर्मसंस्था आपल्या नावाला डाग लागू नये म्हणून अत्याचार झालेल्या मुलाला गप्प बसवते, तेव्हा ती संस्था नहुश्तान झालेली असते, मग तिची स्थापना कितीही पवित्र आज्ञेने झालेली असो.

भारतीय ख्रिस्ती समाजापुढे ही कसोटी जातीच्या रूपाने उभी आहे. मूर्ती सोडून आलेल्या अनेक समूहांनी जात बरोबर आणली, आणि चर्चने तिला जागा करून दिली: गोव्यात चर्चशी जोडलेल्या कॉन्फ्रारिया, म्हणजे धार्मिक बंधुसंघ, यांचे सदस्यत्व आणि उत्सवातील मान दीर्घकाळ जातीनुसार ठरत आले, आणि तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातीची भिंत उभी राहिली. देव्हाऱ्यातील दगडापेक्षा ही भिंत अधिक काटेकोरपणे पुजली गेली, आणि तिच्यासाठी रोज काही माणसांचे त्सेलेम, देवाचे प्रतिरूप, नाकारले गेले. दलित ईश्वरविद्येच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून हा प्रश्न चर्चच्या दारात आणून ठेवला आहे. बायबलमधील मूर्तिपूजानिषेध शेजाऱ्याला ऐकवण्यात ज्या समाजाने शतके घालवली, त्याला तो स्वतः ऐकावा लागणे कठीण आहे, परंतु ग्रंथाची दिशा तीच आहे.

योहानाच्या पहिल्या पत्राचा शेवट अभ्यासकांना नेहमी कोड्यात टाकत आला आहे. पाच अध्यायांच्या त्या पत्रात मूर्तीचा कोठेही उल्लेख नाही. ना मंदिर, ना नैवेद्य, ना परकी दैवते. त्यात सतत बोलणे आहे ते प्रकाशात चालण्याविषयी, बंधूचा द्वेष करणाऱ्याविषयी, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या बंधूवर प्रीती न करता न दिसणाऱ्या देवावरील प्रीतीची ग्वाही देणाऱ्याविषयी, ज्याला पत्र लबाड म्हणते. मग नमस्कार नाही, निरोप नाही. आपल्या लेकरांना मूर्तींपासून स्वतःला जपण्यास सांगून पत्र तेथेच थांबते.